त्या घड्याळजीचे डोळे काढणं थांबवा आता!

प्रागमध्ये कुठल्याही गाइडच्या मागे उभे राहा. जुन्या टाउन हॉलच्या खगोलीय घड्याळापाशी आला, की त्याची टेप सुरू! म्हणे हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केलं आणि दुसऱ्या गावाला असं करून देऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. अहो, घड्याळ १४१० चं, केलं कादानच्या मिकुलाशने. केव्हाच सिद्ध झालंय हे! तरी रोज, दर तासाला, त्या बिचाऱ्या हानुशचे डोळे जातातच. ताजमहालवाल्यांचे हात तोडले, मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चवाल्याला आंधळं केलं... जगभरच्या गाइडांचा मास्तर एकच असावा.

बरं, सांगण्यासारखं खरं काही नाही असंही नाही. घड्याळाची बाहेरची फिरती कडी सूर्यास्तापासून २४ तास मोजते. मे १९४५ च्या नाझींविरुद्धच्या उठावात टाउन हॉल पेटला, तेव्हा घड्याळातल्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, लाकडी मूर्ती जळाल्या. आता दर तासाला घड्याळाच्या खिडकीतून फिरतात त्या नंतरच्या. पण हे कोण सांगणार? घड्याळावरचा हाडांचा सांगाडा घंटा वाजवतो, शंभर मोबाइल वर जातात, आणि ‘एवढंच?’ म्हणत मंडळी बिअरच्या दिशेने.

टाउन हॉलच्या पूर्वेकडच्या फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड केलेल्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी त्या चौकात मृत्युदंड दिला गेला. त्याच क्रुसांवर उभं राहून गाइड छत्री उंचावतो आणि ओरडतो, “सगळ्यांचे सेल्फी झाले का?”