अर्धा गुण

गेल्या रविवारी एका प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत मी आणि माझा भाचा अर्ध्या गुणाने हरलो. हरण्याचे मला वावडे नाही. आजवर मी पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ फरकाने आणि बहुतेक वेळा न्याय्य रीतीने हरलेलो आहे. परंतु बरोबर उत्तर देऊन हरणे हा प्रकार वेगळा आहे. आज गुरुवार उजाडला तरी दात घासताना मी आरशातल्या माणसाला तो प्रश्न समजावून सांगतो आहे, आणि त्याला तो दर वेळी पटतो आहे.

फेरीचा विषय होता 'फुटबॉल आणि लोकप्रिय संगीत'. प्रश्न असा होता : 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणे लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांसाठी कोणी लिहिले? मी बझर दाबला आणि म्हणालो, "कोणीही नाही." सूत्रसंचालकांनी हातातल्या कार्डाकडे पाहिले, कार्ड उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि "चूक" असे जाहीर केले. कार्डावर 'जेरी अँड द पेसमेकर्स' असे छापलेले होते.

मी उभा राहिलो. भाच्याने माझ्या सदऱ्याचे टोक ओढले आणि "मामा, सोड ना" असे तो पुटपुटला, पण काही गोष्टी सोडण्याचे वय माझे आता राहिलेले नाही. सूत्रसंचालकांना पुढच्या प्रश्नाची घाई होती, म्हणून त्यांनी मला गुणलेखकांकडे पाठवले.

गुणलेखक व्यासपीठाच्या कडेला एका लहान टेबलामागे बसले होते. समोर आखीव तक्ता, डावीकडे निळे पेन, उजवीकडे लाल पेन आणि मधोमध एक कोरे करकरीत खोडरबर. पेनाने लिहिलेले खोडरबराने जात नाही हे त्यांना ठाऊक असणारच, तेव्हा ते माझ्यासारख्यांना आशा दाखवण्यापुरतेच तिथे मांडलेले असावे.

"बोला," ते म्हणाले. "तक्रार आहे की शंका?"

"दोन्हींत फरक काय?"

"शंका तोंडी ऐकतो. तक्रार लेखी लागते."

"मग शंका आहे," असे म्हणून मी शक्य तितक्या शांतपणे सांगायला सुरुवात केली. हे गाणे १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतले आहे. चाल रिचर्ड रॉजर्स यांची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. नायक मरून पडलेला आहे, त्याच्या गरोदर बायकोच्या पायांखालची जमीन सरकली आहे, आणि तिची नात्यातली बहीण तिला धीर देण्यासाठी हे गाणे गाते. गोष्ट घडते अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर. तिथे फुटबॉल नाही, लिव्हरपूल नाही, लाल मफलर तर नाहीच नाही. पुढे १९६३ मध्ये लिव्हरपूल शहरातल्या जेरी मार्सडेन यांच्या चमूने ते गाणे ध्वनिमुद्रित केले, ते ब्रिटनच्या विक्रीयादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि लिव्हरपूल क्लबच्या ॲनफील्ड मैदानातल्या कॉप नावाच्या प्रेक्षकसज्जाने ते उचलले ते आजतागायत खाली ठेवलेले नाही.

गुणलेखकांनी हे सगळे मान डोलावत ऐकले. मला वाटले, गुण मिळाला.

"म्हणजे जेरींचा संबंध आहे," ते म्हणाले.

"आहे. त्यांनी ते गायले."

"आणि ते लिव्हरपूलचेच."

"हो."

"आणि गाणेही आता लिव्हरपूलचेच."

"स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचे आणि जर्मनीच्या डॉर्टमुंडचे समर्थकही गातात. पण हो, क्लबच्या बोधचिन्हावरसुद्धा ते शब्द आहेत."

"मग भांडण कशाचे?"

"लिहिण्याचे! जेरींनी ते लिहिलेले नाही."

"अहो, गाणे गाणाऱ्याचेच असते. आपण लताबाईंचे गाणे म्हणतो की नाही?"

"म्हणतो. पण ते लताबाईंनी लिहिले असे म्हणत नाही."

"लिहिणाऱ्याचे नाव तरी कुठे घेतो?" असे म्हणून त्यांनी हात पसरले, आणि मी क्षणभर निरुत्तर झालो. कारण हे खरेच आहे. चाल बांधणारा आणि शब्द जुळवणारा ही मंडळी जन्मभर दाराबाहेर चपला सांभाळत उभी असतात आणि आतल्या मैफलीत त्यांचे नावही निघत नाही. परंतु या अन्यायाची भरपाई माझ्या खात्यातून का व्हावी, हे मला तेव्हाही समजले नाही आणि आताही समजत नाही.

"बरे, त्या गाण्यात फुटबॉल हा शब्द आहे?" त्यांनी नवी आघाडी उघडली.

"नाही. वादळ आहे, पाऊस आहे, पक्षी आहे."

"मग ते फुटबॉलचे गाणे कसे?"

"तेच तर मी म्हणतो आहे!"

"पण फेरी फुटबॉलच्या गाण्यांची आहे. ते फुटबॉलचे गाणे नसेल, तर प्रश्नच गैरलागू. आणि गैरलागू प्रश्नाला गुण कसला द्यायचा? आणि असेल, तर मग कार्डावरचे उत्तर बरोबर." त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. "तुम्ही स्वतः १९४५ मध्ये तिथे होता का?"

"माझा जन्म नव्हता."

"आणि १९६३ मध्ये?"

"तेव्हाही नव्हता."

"मग आपण दोघे सारखेच," असे समाधानाने म्हणत त्यांनी लाल पेनाचे टोपण काढले.

मी जागेवर परतलो, तो प्रतिस्पर्ध्यांना ध्वनिफीत ऐकवली जात होती. सातच सुरांची ती लकेर तुम्ही नक्की ऐकलेली आहे. नाव ठाऊक नसले तरी हजारो लोकांनी एकाच वेळी छातीतून काढलेली ती 'पो-पो-पो' कानांवर आल्यावाचून अलीकडे मोठी स्पर्धा पार पडत नाही. प्रश्न होता, ही धून कोणाची? प्रतिस्पर्धी संघातल्या काकांनी अढळ आत्मविश्वासाने उत्तर दिले, "इटलीचे राष्ट्रगीत."

सभागृह हसले. सूत्रसंचालकही हसले. मग त्यांनी गुणलेखकांकडे पाहिले, गुणलेखकांनी दोन बोटे एकमेकांजवळ आणून 'जवळपास' अशी खूण केली, आणि त्यांना अर्धा गुण मिळाला.

वस्तुतः ही धून डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या दोघांच्याच बँडच्या २००३ मधल्या 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्याची. सगळ्यांना ती बेस गिटार वाटते, पण या बँडमध्ये बेस वाजवणारे कोणी नव्हतेच. जॅक व्हाइट यांनी साध्या गिटारीचा सूर यंत्राने एक सप्तक खाली उतरवला होता. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे समर्थक मिलानला सामन्यासाठी गेले असता तिथल्या एका बारमध्ये त्यांनी ती ऐकली, त्यांच्या संघाने एसी मिलानला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले, आणि धून शुभशकून म्हणून ब्रुगला गेली. २००६ च्या फेब्रुवारीत इटलीच्या रोमा क्लबचे समर्थक ब्रुगला आले आणि तिथून ती इटलीला घेऊन गेले. त्याच उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा सारा देश तीच गात होता. म्हणजे काकांच्या उत्तरात सत्याचा अंश होता हे मी मान्य करतो. गाण्याचे नावसुद्धा चुकीच्या ऐकण्यातून आलेले आहे, कारण जॅक व्हाइट लहानपणी 'साल्व्हेशन आर्मी'ला 'सेव्हन नेशन आर्मी' समजत असत. असल्या गाण्याला चुकीचे उत्तर शोभून दिसते. तरीही माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी पुन्हा त्या टेबलापाशी गेलो.

"त्यांना अर्धा, तर मलाही अर्धा द्या," मी म्हणालो.

"त्यांच्या उत्तरात 'इटली' बरोबर होते आणि 'राष्ट्रगीत' चूक होते," गुणलेखक म्हणाले. "एक बरोबर, एक चूक, म्हणून अर्धा. तुमच्या उत्तरात 'कोणीही' आणि 'नाही' हे दोनच शब्द आहेत. यांतला नेमका कोणता बरोबर धरू?"

मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. प्रश्नाला एक प्रकारचे भीषण सौंदर्य होते.

मला खरोखर जे म्हणायचे होते ते त्या टेबलापाशी म्हणायला वेळ नव्हता, म्हणून इथे म्हणतो. फुटबॉलच्या मैदानावर जी गाणी टिकतात, ती सहसा फुटबॉलसाठी कोणी लिहिलेली नसतात, आणि पाहायला गेले तर त्यांतली थोरली गाणी चक्क शोकसभेतून उठून आलेली आहेत. वरचे गाणे विधवेच्या सांत्वनाचे. इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्याआधी १९२७ पासून 'अबाइड विथ मी' हे स्तोत्र गातात, आणि त्यात मरणाला टेकलेला माणूस देवाला सांगतो की अंधार पडत चालला आहे, सोबत राहा. १९८४ मध्ये वॉटफर्ड क्लब अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा त्याचे अध्यक्ष, गायक एल्टन जॉन, हे स्तोत्र सुरू होताच ढसाढसा रडले. सामना एव्हर्टनकडून ०-२ असा गेला तो त्यानंतर. आणि १९९० च्या विश्वचषकात बीबीसीने पाव्हारोत्तींच्या आवाजातले 'नेस्सुन दोर्मा' हे पुच्चिनी यांच्या ऑपेरातले गाणे वाजवून घरोघरी पोहोचवले, त्या गाण्याच्या प्रसंगात राजकन्येचा हुकूम असा आहे की परक्या राजपुत्राचे नाव सकाळपर्यंत कळले नाही तर मुंडकी उडतील. प्रश्नमंजूषेच्या फेऱ्यांना यापेक्षा समर्पक पार्श्वसंगीत मला सुचत नाही.

उलट, मुद्दाम फुटबॉलसाठी केलेल्या गाण्यांची गत पाहा. १९८७ मध्ये ग्लेन हॉडल आणि ख्रिस वॉडल या टॉटनहॅमच्या दोघा खेळाडूंनी गाणे काढले, ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि आता ते दोघांची चेष्टा करायची असेल तेव्हाच वाजते. न्यू ऑर्डर या बँडने १९९० मध्ये इंग्लंडच्या संघाला घेऊन केलेले गाणे त्यांचे ब्रिटनमधले एकमेव अव्वल गाणे ठरले, हा अपवाद; त्यात संघातले खेळाडू जॉन बार्न्स यांनी रॅप केले आहे आणि ते खरोखर चांगले केले आहे. १९९६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी इंग्लंडने केलेल्या 'थ्री लायन्स'चे नशीब तर काय वर्णावे! तीस वर्षांच्या पराभवांचे दुःख इंग्रजांनी इतक्या गोड चालीत आळवले की त्यांना उपान्त्य फेरीत पेनल्टींवर हरवून अजिंक्यपद नेणारे जर्मन खेळाडूच ते मायदेशी गात सुटले. गर्दी गाणे मागून घेत नाही, उचलून नेते. गाणी बनवणाऱ्यांना हे कळलेले आहे. कार्डे छापणाऱ्यांना मात्र प्रत्येक गाण्याच्या सातबाऱ्यावर एकच नाव हवे असते.

गाण्याला मैदान लाभते तसे मैदानाला कधी गायकही लाभतो. हुलिओ इग्लेसियास हे रेआल माद्रिदच्या युवा संघाचे गोलरक्षक होते. मोटार अपघाताने ते अंथरुणाला खिळले, इस्पितळात कोणीतरी त्यांच्या हाती गिटार दिली, आणि पुढचे जगाला माहीत आहे. हा प्रश्न शेवटच्या फेरीत आम्हालाच आला. मी बझर दाबणार तोच भाच्याने माझा हात घट्ट धरला आणि अतिशय मृदू आवाजात स्वतः उत्तर दिले, "इग्लेसियास." पूर्ण गुण मिळाला. मी दिले असते तर कोणत्या वर्षी, कोणता संघ आणि त्यात लताबाईंचे स्थान काय, हेही निघाले असते.

निकाल : साडेएकवीस विरुद्ध एकवीस. काकांनी व्यासपीठावरून माझ्याशी हस्तांदोलन केले आणि "राष्ट्रगीत नव्हते काय ते?" असे निरागसपणे विचारले. चीड यावी इतके ते सज्जन होते. बक्षीस समारंभात ध्वनिक्षेपकावर चॅम्पियन्स लीगचे गीत लावले होते. ते १९९२ मध्ये टोनी ब्रिटन यांनी हॅन्डेलच्या १७२७ मधल्या राज्याभिषेक-रचनेवरून बेतले, हे मी शेजारच्या खुर्चीला सांगितले. त्या खुर्चीवर कोणी बसलेले नव्हते.

सोमवारी मी तक्रार लेखी पाठवली. दोन पाने, वर्षांसह, संगीतिकेच्या कथानकासह. काल संध्याकाळी आयोजकांचे उत्तर आले. त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल मनापासून आभार मानले आहेत आणि गुणपत्रक एकदा जाहीर झाल्यावर बदलता येत नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे. कार्ड मात्र पुढील वर्षासाठी तातडीने दुरुस्त केले असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. प्रश्न तोच आहे. त्याखाली नवे उत्तर आहे : 'रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी, १९४५ साली, लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांसाठी.'