काहीच खाल्लं नाही, डॉक्टर!

"काल काय खाल्लं होतं?"
"काहीच नाही, डॉक्टर."
"काहीच?"
"म्हणजे सकाळी त्याचं नेहमीचं. दुपारी अर्धी पोळी, ती तर तो घेतोच. आजीच्या ताटातला चमचाभर वरणभात. आणि संध्याकाळी शेजारी सत्यनारायण होता."
"प्रसाद?"
"एवढासाच. शिरा."
"मनुका होत्या त्यात?"

आता आई बाबांकडे बघते, बाबा आजींकडे आणि आजी छताकडे. माझ्याकडे बघतो तो एकटा टायगर. (त्याला 'कुत्रा' म्हणायचं नसतं. एकदा म्हटलं तर फी मिळते, दुसऱ्यांदा म्हटलं तर पेशंट जातो.) "प्रसादाला नाही कसं म्हणायचं हो?" आजी छतालाच विचारतात.

'काहीच नाही' या दोन शब्दांत अख्खं जेवणाचं ताट मावतं, हे जनावरांचा दवाखाना टाकल्याशिवाय कळत नाही. मी खोदून विचारतो ते कुणाला पकडायला नाही, घड्याळ चालू असतं म्हणून. मनुका पोटात जाऊन दोन तास व्हायच्या आत टायगर आला, तर उलटीचं इंजेक्शन देऊन बरंचसं प्रकरण फरशीवर निकालात काढता येतं. नंतर माल पुढे सरकतो. पहिल्या दिवशी उलट्या होतात आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं संप पुकारतात. किती द्राक्षं चालतात, याचा आकडा कुणीच देऊ शकत नाही. एखादा घोस खाऊन शेपटी हलवतो, दुसरा चार मण्यांत सलाईनवर जातो. तेव्हा "दोनच होत्या हो" हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी औषध म्हणून निरुपयोगी आहे. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात चढतं आणि फिट येतात. रॉकेल किंवा संडास साफ करायचं ॲसिड पोटात गेलं असेल, तर उलटी मुळीच काढायची नाही. जे एकदा जाळत आत गेलं, ते पुन्हा जाळत बाहेर येतं आणि थोडं फुप्फुसातही जातं.

नाशिक वसवताना कुत्र्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं, दोन्ही जगात जातात आणि दोन्ही कुत्र्याला विष. त्यातल्या त्यात कांदा फार सभ्य, लगेच काही दाखवत नाही. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधतो, म्हणजे पाच किलोच्या पॉमेरियनला एक मध्यम कांदा पुरे. मांजराला किलोमागे पाचच ग्रॅम. कच्चा, शिजवलेला, तळून चिवड्यात टाकलेला, कशानेही फरक पडत नाही. लसणाची तर याहून कमी मात्रा लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. बुधवारी आणलेल्या कुत्र्याबद्दल मी रविवारच्या मिसळीची चौकशी करतो, तेव्हा मालकांना माझी कीव येते.

प्रसादाच्या खालोखाल मला भीती वाटते ती घरातल्या औषधांच्या डब्याची. प्रत्येक घरात तो असतोच, बहुधा श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात मागच्या तीन आजारपणांच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि त्या वाया जाऊ नयेत अशी घरातल्या एका तरी माणसाची तीव्र इच्छा असते. "तान्ह्या बाळाला देतात, मग मांजराला अर्धी द्यायला काय हरकत आहे?" हरकत अशी, की पॅरासिटामॉल निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. लंगड्या कुत्र्याला घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिली की जठराला व्रण पडतात, शी डांबरासारखी काळी होते. लंगडणं थांबतं खरं, कारण कुत्रा उठायचंच बंद करतो. दिली असेल तर सांगून टाका. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता. पाकीट आणलंत तर मी उभा राहून नमस्कार करीन.

"अंग गरम लागतंय" ही तक्रारही मोठी गोड आहे. कुत्र्याचं अंग गरमच लागतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा त्याचा ठणठणीत तब्येतीचा आकडा. नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही, फक्त नाक कोरडं आहे की ओलं हे कळतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल तेल लावा, शेपटी हलकेच उचला आणि गुदद्वारात एक इंच सरकवून बीप वाजेपर्यंत धरा. दुसऱ्या माणसाने पुढे डोकं कुरवाळत राहायचं. १०४च्या वर गेला तर दवाखाना गाठा. आणि त्या थर्मामीटरवर मार्करने ठळक 'टायगर' लिहा. हे लिहिलं नाही म्हणून घरोघरी काय काय घडत असेल, याचा विचार मी रात्री झोपताना करत नाही.

"वजन किती?" "असेल पंधरा-वीस." भाजीवाल्याने पन्नास ग्रॅम कमी दिले तर भांडणारी माणसं इथे पाच किलो सहज सोडून देतात. आमचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं. टायगरला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. स्वतःचा आकडा मला सांगायची गरज नाही.

आता मांजराला गोळी देणे. याला दोन माणसं, एक जाड टॉवेल आणि पूर्वपुण्याई लागते. टॉवेल ओट्यावर पसरा, मांजर मधे ठेवा आणि पुरणपोळीत पुरण भरावं तसं चारी बाजूंनी गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. पुढचे पाय आत राहिलेच पाहिजेत. एक पाय सुटला की पाच नखं सुटली. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट दोन्ही गालफडांवर ठेवून डोकं वरच्या बाजूने धरा आणि नाक छताकडे करा. खालचा जबडा आपोआप थोडा सैल पडतो. उजव्या हाताच्या बोटाने खालचे पुढचे बारीक दात दाबून तोंड उघडा, गोळी जिभेच्या अगदी मागे मधोमध टाका, तोंड मिटा, गळा चोळा. जीभ बाहेर येऊन नाक चाटलं की गोळी गेली. म्हणजे, बहुधा. काही मांजरं नाक चाटून तुमची खात्री पटवतात आणि गोळी तिसऱ्या दिवशी सोफ्यामागे सापडते. गोळीनंतर बिनसुईच्या सिरिंजने पाच मिली पाणी गालाच्या बाजूने थेंब थेंब द्या, सरळ घशात पिचकारी नको, ठसका लागून पाणी फुप्फुसात जाईल. पाण्याचा आळस करू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडी गेली तर मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते.

बोका वारंवार मातीत बसून कुंथतोय आणि घरचे त्याला बद्धकोष्ठ समजून तूप चाटवतायत, असं असेल तर तूप ठेवा आणि निघा. बोक्याची लघवी तुंबते. चोवीस तासांच्या आत-बाहेर गोष्ट जिवावर येते, म्हणून रात्री दोनलाही फोन करा. मी चिडेन, पण उचलेन.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसते आणि दोन दिवसांत आत किडे वळवळतात. त्यावर फिनेल ओतू नका, डांबरगोळीची पूड तर मुळीच नको. किडे मरतील, पण कुत्रा तीच जखम चाटतो आणि विष त्याच्याही पोटात जातं. जखम स्वच्छ कापडाने झाकून आणा. फिट आली की नाकाला कांदा लावायची पद्धत आहे. कांद्याने फिट थांबत नाही, आणि तोंडाजवळ गेलेला तुमचा हात तेवढा कुत्रा चावतो. घड्याळ लावा, टेबलं-खुर्च्या बाजूला करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांच्या वर गेली तर उचलून धावा. त्या व्हिडिओने मला जे कळतं, ते पाच जणांनी एकाच वेळी केलेल्या अभिनयाने कळत नाही.

टाके घातल्यावर गळ्यात जो भोंगा बांधतात, तो मालकांना शिक्षा वाटतो. टायगरला तर वाटतोच. दाराच्या चौकटीवर ठाण, फ्रिजवर ठाण, आजींच्या पोटरीवर ठाण. भोंगा नाकाच्या पुढे इंचभर आला पाहिजे, नाहीतर जीभ टाक्यांपर्यंत पोचते. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं की खाता येतं. दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत. "रात्री फार रडला हो, म्हणून पाचच मिनिटं काढला." अर्ध्या तासात घातलेले टाके काढायला टायगरला पाच मिनिटं भरपूर होतात.

ऑपरेशनचा नियम मी तीनदा सांगतो आणि कागदावरही लिहून देतो. मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्री नऊनंतर अन्न बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. भुलीत गिळण्याची क्रिया थांबते. पोटात काही असलं आणि उलटून आलं, तर ते श्वासनलिकेत उतरतं आणि ऑपरेशन नीट होऊनही न्यूमोनिया होतो. कागद फ्रिजवर चिकटवा. कामवाल्या मावशींना, शाळेत जाणाऱ्या पोराला, सगळ्यांना सांगा.

सकाळी दहाला टायगर टेबलावर. सगळं घर सोबत.

"रात्रीपासून काही दिलं नाही ना?"
"काहीच नाही, डॉक्टर."

टायगरच्या मिशांना बिस्किटाचा ओला चुरा, आणि त्याला चहाचा वास. मी आजींकडे बघतो. आजी छताकडे.

"परवा आणा," मी सांगतो. "आणि आजी, तुम्हीही या. चहा इथेच घेऊ."