दातांवरचा पांढरा डाग आणि लिंबू-सोड्याचा उतारा

गेले काही दिवस कोल्हापुरात गल्लीच्या, शाळेच्या, अगदी तालमीच्या ग्रुपवरही एक मेसेज फिरतोय. दातांवर पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम कमी, दूध-गूळ आणि गोळ्या सुरू करा. लिंबात खायचा सोडा कालवून सात दिवस घासा, डाग गायब. फ्लोराईडची पेस्ट विष आहे, टाकून द्या. खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो. माझा राजारामपुरीत दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे सातव्या दिवसानंतरचं काम माझ्याकडे येतं.

शनिवारी एक बाई दहा वर्षांच्या पोराला घेऊन आल्या. “मॅडम, पाच दिवस झालं घासतोय, आता गार पाणी प्यालं की कळ येतीया.” ओठ वर करून दातांवर नुसती हवा मारली. चार-पाच सेकंदांत हिरडीलगत चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ उमटली, चमक नसलेली, खडूसारखी. कीड म्हटलं की आपल्याला काळा खड्डा आठवतो, पण तिची सुरुवात अशी पांढरी असते. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळायला लागतात. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, खाली बारीक भोकं पडतात.

आता कॅल्शियमचं. इनॅमल एकदा तयार झालं की त्यात ना रक्त पोचतं, ना जिवंत पेशी उरतात. गिळलेली गोळी तिथं जाणार कुठून? पुढच्या पक्क्या दातांचं इनॅमल जन्मानंतर पहिल्या चार-पाच वर्षांत बनतं. त्या काळात दुधाच्या दातावर पडून मार बसला किंवा मोठं आजारपण झालं, तर आत घडत असलेल्या पक्क्या दातावर डाग राहू शकतो. असा डाग दात उगवतानाच सोबत येतो. आणि दूध-गुळाचा सल्ला तर उफराटाच. गूळ आपला, गुऱ्हाळावरचा, पण जंतूंना ती साखरच, त्यात चिकट. गूळ सोडा असं कोल्हापुरात कोण म्हणेल? जेवणासोबत खा, दिवसभर चघळू नका, एवढंच.

लिंबू-सोड्याबद्दल लोक म्हणतात, आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, मग नुकसान कसलं? मोजून कालवलं तर बरोबर आहे. पण घरात कोण मोजतं? अर्धं लिंबू, चिमूटभर सोडा, म्हणजे आंबटपणा उरतोच. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच असतो. त्यानं मऊ पडलेल्या इनॅमलवर लगेच ब्रश घासला की तो थरच झिजतो. पोराची कळ तिथूनच आली.

मग फोटोंत डाग गेला कसा? ओली भिंत आणि वाळलेली भिंत आठवा. डागातल्या भोकांत हवा असली की तो पांढराफटक दिसतो, पाणी भरलं की पुसट होतो. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना सकाळी डाग ठळक दिसतात ते यामुळेच. कोरड्या दाताचा एक फोटो, ओल्या दाताचा दुसरा, झाला चमत्कार.

फ्लोराईडचं मात्र अर्धं खरं आहे. लहानपणी ते जास्त पोटात गेलं तर डाग पडतात, पण डाव्या-उजव्या दातांच्या जोडीवर सारखे, आडव्या धूसर रेघांचे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्याचा हा त्रास जुना आहे. कोल्हापूर शहर नदी-धरणाचं पाणी पितं, त्यात फ्लोराईड सहसा कमी असतं. तुम्ही बोअरचं पीत असाल तर तपासून घ्या. पण हे डाग दात घडत असतानाच पडतात, साधारण आठव्या वर्षापर्यंत. मोठ्यांना पेस्टनं ते होत नाहीत. आणि किडीच्या पांढऱ्या डागावर तर फ्लोराईड हेच औषध. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी, नंतर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

उपचार डागाच्या जातीवर ठरतो. किडीचा असेल तर फ्लोराईडचा लेप आणि गोड खाण्याला वेळापत्रक. कीड थांबते, डाग पुसट होतो किंवा चमकदार होऊन तसाच राहतो. दात सरळ करायच्या तारा काढल्यावर दिसणाऱ्या चौकोनी डागांचंही हेच, त्यातूनही जे उरतात त्यांच्यात पातळ रेझिन (दातात भरायचं, नंतर घट्ट होणारं द्रव) जिरवता येतं. दातासोबतच आलेला किंवा फ्लोराईडचा डाग दवाखान्यात हलकं घासून किंवा ब्लीचिंगनं फिका करता येतो. दातावर पातळ आवरण चढवणं अगदी शेवटी. पुष्कळांना तर काहीच करायची गरज नसते, हे सांगितलं की काही जण नाराज होऊन जातात.

पोराला लेप लावला, तीन महिन्यांनी बोलावलंय. फोटो काढून ठेवलाय. पुढचा फोटोही दात हवेनं तेवढाच वाळवून काढणार आहे.