‘लिव्हरला आराम’ म्हणून कुत्र्याला उपाशी मारू नका

‘लहान कुत्र्यांच्या लिव्हरला आराम द्या’ हा मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. ऐरोलीच्या मावशीने तो वाचून तिच्या पाच किलोच्या पॉमचं (पोमेरेनियन कुत्र्याचं) चिकन आणि अंडं बंद केलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: एएलटी (रक्ततपासणीत दिसणारं लिव्हरचं एन्झाइम) वाढलं की २१ दिवस प्रथिनं पूर्ण बंद, फक्त दहीभात. ताकदीसाठी मटणाच्या कलेजीचं सूप. अंग गरम लागलं तर पॅरासिटामॉल. कावीळ दिसली तर उसाचा रस.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला, कारण तो पटण्यासारखा वाटतो. आधी हिशोब बघा. दीडशे ग्रॅम शिजलेला भात आणि शंभर ग्रॅम दही यांत मिळून सात-आठ ग्रॅम प्रथिनं. पाच किलोच्या निरोगी कुत्र्यालाही रोज साधारण अकरा ग्रॅम लागतात, आजारी कुत्र्याला त्याहून जास्त. प्रथिनं बंद करण्यामागची भीती अशी, की ती पचताना अमोनिया तयार होतो आणि बिघडलेल्या लिव्हरला तो निकामी करता येत नाही. पण तूट भरून काढायला शरीर स्वतःचे स्नायू तोडतं, आणि त्यातूनही अमोनिया तयार होतोच. वर लिव्हर कमी पडलं की रक्तातला अमोनिया निकामी करण्याचं बरंच काम स्नायू करतात. म्हणजे ज्या अमोनियाच्या भीतीने चिकन बंद केलं, त्याला आवरणारी दुसरी यंत्रणाही तुम्हीच झिजवता. वजनकाट्यावर हे कळेलच असं नाही, कारण पोटात पाणी साठलं असेल तर आकडा तेवढाच राहतो. हात कण्यावरून, मांड्यांवरून आणि कपाळाच्या बाजूने फिरवा. हाडं टोचायला लागली असतील तर आहार कमी पडतोय.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. लिव्हर फारच निकामी झालं असेल, किंवा जन्मतः शंट असेल, म्हणजे आतड्याकडचं रक्त लिव्हरला वळसा घालून जात असेल, तर अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. मग कुत्रा, बऱ्याचदा जेवणानंतर, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो, गोल गोल फिरतो, लाळ गाळतो, हाक मारली तरी शून्यात बघतो. अशा कुत्र्याची प्रथिनं मोजून द्यावी लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनने कुत्र्यांच्या जुनाट हेपॅटायटिसवर (लिव्हरच्या दाहावर) २०१९ मध्ये तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन काढलं. त्याचीही भूमिका हीच: प्रथिनं कमी करायची ती मेंदूवर परिणाम दिसत असेल तरच. नुसतं एएलटी वाढणं हे त्याचं कारण नाही. एएलटी लिव्हरच्या पेशींना इजा झाल्याचं सांगतं, लिव्हर काम किती करतंय ते नाही. त्यासाठी रक्तातलं अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी बाइल अॅसिड बघतात.

आणि मेंदूवर परिणाम झालेल्या कुत्र्याचीही प्रथिनं शून्यावर आणत नाहीत, त्यांचा स्रोत बदलतात. मटणाऐवजी अंडं, बिनमिठाचं ताजं पनीर, दही, मूगडाळ. दिवसातून दोनदा नाही, चार-पाच वेळा थोडं थोडं. लहान कुत्र्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा मुळात कमी, त्यात लांब उपास घडला तर साखर पडून झटके येऊ शकतात. सोबत डॉक्टर लॅक्ट्युलोज हे शी मऊ करणारं, अमोनिया कमी करणारं पातळ औषध देतात. पाच किलोला साधारण दीड ते अडीच मिली, दर आठ तासांनी, आणि मात्रा शीवरून ठरते: दिवसात दोन-तीन वेळा मऊ शी झाली की बरोबर. पाण्यासारखी झाली तर मात्रा जास्त आहे, लगेच डॉक्टरांना कळवा. जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम कमी झालं की अमोनियाचा त्रास उलट वाढतो. बद्धकोष्ठ तितकंच वाईट.

कलेजीचं थोडक्यात: मटणाच्या कलेजीत तांबं भरपूर असतं, आणि कुत्र्यांच्या जुनाट हेपॅटायटिसचं एक मोठं कारण लिव्हरमध्ये साठलेलं तांबंच आहे. बंद करा.

पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी पाच किलोच्या कुत्र्याला म्हणजे किलोमागे शंभर मिलिग्रॅम. या मात्रेला निरोगी कुत्र्याचंही लिव्हर जळू शकतं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. हात लावून ताप ठरवू नका. गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा लवकर दिला तरच नीट उपयोगी पडतो.

उसाच्या रसाने कावीळ उतरत नाही. हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली तर कारण तीनपैकी कुठलंही असू शकतं. एक, गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया या रक्तातल्या परजीवीच्या आजारात तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या पिवळ्याबरोबर फिकट होतात, लघवी गडद होते. दोन, पित्ताचा मार्ग अडतो. पॉममध्ये पित्ताशयात घट्ट श्लेष्मा साठण्याचा आजार ओळखीचा आहे, आणि मार्ग पूर्ण बंद असेल तर पित्त वाहतं ठेवणारं नेहमीचं औषध अर्सोडिऑक्सीकोलिक अॅसिडही चालत नाही, आधी सोनोग्राफी लागते. तीन, लिव्हरच बिघडलेलं असतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्यामागे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) असू शकतो. गटारं तुंबून उंदरांच्या लघवीचं पाणी सोसायटीच्या आवारात येतं, कुत्रा त्यातून चालतो, पंजे चाटतो. लेप्टोत किडन्याही जातात, आणि तो माणसालाही होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसा, फरशीला ब्लीच लावा, मुलांना लांब ठेवा, आणि रक्त-लघवीचे नमुने अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायला सांगा.