कन्स्ट्रक्टिव्हिझम ही स्टालिनची शैली नव्हती

कन्स्ट्रक्टिव्हिझम या १९२० च्या दशकातल्या रशियन कला आणि वास्तुकलेच्या चळवळीविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरतो. ही स्टालिनने रुजवलेली सरकारी शैली होती, तिच्या पुरस्कर्त्यांनी कागदावर मनोरे रेखाटण्यापलीकडे काही बांधले नाही आणि रशियातील एकसुरी पाच मजली इमारती हेच तिचे फळ होय, असे त्यात म्हटलेले असते.

पहिला दावा कालक्रमापुढेच टिकत नाही. रोदचेन्को, स्तेपानोवा, अलेक्सेई गान आदींनी मार्च १९२१ मध्ये मॉस्कोत कन्स्ट्रक्टिव्हिस्टांचा पहिला कार्यगट स्थापन केला, तेव्हा लेनिन हयात होता. हे कलावंत क्रांतीचे समर्थक होते आणि त्यांना राजाश्रयही मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र एप्रिल १९३२ च्या पक्षठरावाने स्वतंत्र कलासंघटना बरखास्त झाल्या आणि मॉस्कोतील नियोजित सरकारी वास्तू असलेल्या सोव्हिएत प्रासादासाठी वास्तुकार बोरिस इओफानचा भपकेबाज, स्मारकी आराखडा निवडला गेला. स्टालिनकाळाची शैली शोधायची तर ती तिथे सापडेल. कन्स्ट्रक्टिव्हिस्ट कलावंत गुस्ताव क्लुत्सिसने स्टालिनची भित्तिपत्रके केली, तरीही १९३८ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

दुसरा दावा कलावंत व्लादिमीर तात्लिनच्या ४०० मीटर उंचीच्या नियोजित मनोऱ्यावर उभा आहे. तो कधीच बांधला गेला नाही, १९२० मध्ये त्याची केवळ प्रतिकृती दाखवली गेली, इतके खरे. पण मॉस्कोतील इल्या गोलोसोवचा झुयेव कामगार क्लब, युक्रेनच्या खारकीवमधील गोस्प्रोम ही सरकारी कार्यालयांची प्रचंड इमारत आणि व्हिक्टर व्हेस्निनच्या सहभागाने उभे राहिलेले नीपर नदीवरचे जलविद्युत केंद्र या प्रत्यक्षातल्या वास्तू आहेत. वास्तुकार मोईसेई गिन्झबुर्ग आणि इग्नाती मिलिनिस यांची नार्कोम्फिन इमारत (१९२८-३०) विशेष बोलकी आहे. वित्त खात्याच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत सामूहिक भोजनगृहाची सोय होती, तरी मोठ्या घरांना स्वतःचे स्वयंपाकघर होते आणि छोट्या घरांत स्वयंपाकासाठी लहानसा कोपरा होता. माणसांना सक्तीने सामूहिक जीवनात ढकलणे गिन्झबुर्गला मान्य नव्हते, म्हणून त्याने ही इमारत सामूहिक जीवनाकडे जाण्याच्या वाटेवरचा संक्रमणाचा टप्पा मानली. प्रदीर्घ हेळसांडीनंतर त्याच्याच नातवाच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार २०२० मध्ये पूर्ण झाला.

राहिल्या पाच मजली इमारती. त्या स्टालिननंतरच्या ख्रुश्चेव्हकाळातल्या, घरटंचाईवर तातडीचा उपाय म्हणून बहुतेककरून कारखान्यात तयार झालेले भिंतींचे सलग भाग जोडून उभारलेल्या. प्रमाणित घरांचा विचार गिन्झबुर्गच्या गटानेही केला होता, त्यामुळे दूरचे नाते जरूर आहे. परंतु नार्कोम्फिनमधील दुमजली घरे, उंच बैठकीच्या खोल्या आणि सामायिक सभागृहे यांपैकी काहीही त्या इमारतींत उतरलेले नाही.