आधी देशी बदामाचं पान द्या
तुमच्या चित्रकलेवरच्या लेखात मुलांना मेपल या परदेशी झाडाचं केशरी पान काढायची पद्धत दिलीय, छानच आहे. पण आमच्या कोल्हापुरातल्या पोरांच्या हातात आधी देशी बदामाचं पान द्या. हिवाळ्यात गळण्याआधी ते लालभडक होतं, एकाच पानात हिरवा, पिवळा, तांबडा दिसतो. हरितद्रव्य ओसरलं की दडलेला पिवळा वर येतो, लाल मात्र पान नव्यानं तयार करतं. म्हणून रंगवतानाही पिवळा आधी लावावा, तो ओला असतानाच लाल सोडावा. आणि कडेच्या रेषेआधी मधली शीर काढायला लावा. किडीनं पाडलेली भोकंसुद्धा काढू द्या, खोडू नका! कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमानांनी इथला रंकाळा तलाव डोळ्यांनी बघून रंगवला, छापील नमुना गिरवून नाही. पुढं उन्हाळ्याच्या तोंडावर पिंपळाची तांबूस पालवीही घेता येईल.