आधी परळ, मग लेन्स

फेब्रुवारी सरत आला की एकच प्रश्न फिरायला लागतो. पक्ष्यांच्या फोटोसाठी कोणती लेन्स घेऊ? माझं मत विचाराल तर मराठवाड्यात राहणाऱ्यानं पहिली खरेदी कुंभाराकडे करावी. पाणी भरलेलं एक पसरट मातीचं परळ जेवढे पक्षी जवळ आणतं, तेवढे लाखभराची लेन्स आणत नाही.

आपल्याकडे पक्षीनिरीक्षण म्हटलं की गाड्या निघतात पैठणच्या नाथसागराकडे, रोहित (फ्लेमिंगो) बघायला. जरूर जा. पण काठावरून तीनशे मीटरवरचा रोहित 600 मिमीतही ठिपकाच दिसतो, आणि ऊन चढलं की मधली तापलेली हवा थरथरते. मग फोटो मऊ येतो आणि लोक फोकसला शिव्या घालतात. लेन्स निर्दोष असते, दोष मृगजळाचा असतो. अंतर कमी करणं हा त्यावरचा एकच उपाय. पक्ष्याच्या मागे धावून अंतर कमी होत नाही, त्याला तुमच्याकडे यावंसं वाटलं तरच होतं. मार्च ते जून आपल्या भागात त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती पाण्याची.

परळ मातीचं किंवा सिमेंटचं घ्या, दीड-दोन फूट रुंद. प्लास्टिकवर पक्ष्याची नखं घसरतात, स्टील उन्हात पोळतं. कडेला पाणी जेमतेम एक सेंटिमीटर आणि मध्ये चार-पाच, याहून खोल नको. खोल भांड्यात कावळा पाणी पिईल, पण शिंपी, चष्मेवाला असे बारके पक्षी आंघोळीला उतरणार नाहीत. मध्ये एक खडबडीत चपटा दगड ठेवा. झुडपापासून अंतर सहा ते आठ फूट. जवळ ठेवलं तर मांजर झुडपात दबा धरते आणि भिजलेल्या पक्ष्याला पटकन उडता येत नाही. फार लांब ठेवलं तर लाजरे पक्षी उघड्यावर येत नाहीत. जागा असेल तर दोन परळं ठेवा, एक जमिनीवर होले आणि सातभाईंसाठी, दुसरं तीन-चार फूट उंच. पाणी रोज बदललेलं उत्तम, निदान तिसऱ्या दिवशी तरी बदलाच, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. घासायला नारळाचा काथ्या पुरतो, साबण नको.

आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या गावात हे पाणी कुठून आणायचं, असं कुणी म्हणेल. हिशोब करा. दोन लिटरच्या बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडून त्यात सुती दोरा ओवा आणि बाटली परळावर टांगा. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला साधारण 180 मिली जातं, म्हणजे बाटली अकरा तास चालते. थेंबाच्या टपटपीनं आणि हलत्या पाण्याच्या चमकेनं नुसत्या भरलेल्या परळापेक्षा जास्त पक्षी ओढले जातात. झाकण मात्र थोडं सैल ठेवा. घट्ट लावलं तर आत हवा जात नाही आणि थेंब थांबतो.

दाण्यांचा मात्र अतिरेक नको. मूठभर ज्वारी-बाजरी ठीक. फरसाण, पाव, शिळा मसालेभात अजिबात नको. त्यानं कावळे आणि पारवे माजतात, बारके पक्षी हटतात.

पक्षी सहसा थेट पाण्यावर उतरत नाही. आधी शेजारी बसून अंदाज घेतो, आणि फोटो तिथेच मिळतो. म्हणून परळाच्या बाजूला फूटभरावर बाभळीची किंवा बोरीची वाळकी फांदी रोवा, अंगठ्याएवढी जाड, कॅमेऱ्याला समांतर. समांतर का, तर 400 मिमीवर चार मीटर अंतरावरून f/5.6 ठेवलं की क्रॉप सेन्सरवर (लहान आकाराच्या सेन्सरवर) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, दोन-सव्वादोन सेंटिमीटरच मिळते. फांदी तिरकी असेल तर पाच मुनियांपैकी एकच स्पष्ट येते. पक्षी जास्त असतील तर f/8 करा. मागचं झुडूप फांदीपासून जितकं लांब तितकी पार्श्वभूमी मऊ. परळ खिडकीपासून तीन ते साडेचार मीटरवर हवं, कारण बऱ्याच 150-600 लेन्स अडीच-पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत.

लपण म्हणून घरच पुरतं. खोलीतला दिवा बंद, खिडकी उघडी, पडद्याला चीर. लेन्सचं तोंड बाहेर काढायचं नाही. काचेतून काढलेला फोटो धुरकट येतो. उन्हाळ्यात उत्तरेची खिडकी सगळ्यात सोयीची, सकाळ-संध्याकाळ कडेनं प्रकाश मिळतो. पश्चिमेच्या खिडकीत सकाळी सूर्य पाठीशी असतो म्हणून लोक खूश होतात, पण परळावर घराचीच सावली पडलेली असते.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला 1/1000 सेकंद, पाणी उडवणाऱ्याला 1/2000. आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा 3200 करा. फोटोत थोडे दाणे (नॉइज) दिसले तरी चालतील, हललेला फोटो कशानंच दुरुस्त होत नाही. आकाशासमोर बसलेला कोतवाल निव्वळ काळा डाग येतो, तिथे एक्स्पोजर +1 किंवा थोडं वर न्या. उन्हातल्या बगळ्याला उलट उणे 1. पंख फडफडत असतील तर मिररलेस कॅमेऱ्याचं सायलेंट (बिनआवाजी) शटर बंद करा, बऱ्याच कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात. आणि आपल्याकडची धूळ! माळावर उघड्या हवेत लेन्स बदलायची नाही, सेन्सरवर तोंडानं फुंकर मारायची नाही. थुंकीचे डाग धुळीपेक्षा वाईट.

पहिले आठ-दहा दिवस फक्त चिमण्या, साळुंक्या आणि लालबुड्या बुलबुल येतील. कंटाळून परळाची जागा बदलू नका. नंतर दयाळ, नाचण आणि हिवाळा असेल तर माशीमार येतात. एखाद्या दुपारी सगळं चिडीचूप झालं तर वर बघा, शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असेल. तोही आंघोळ करतो.

घराबाहेर पडायचं तर फुललेलं झाड धरा. संभाजीनगरची हिमायत बाग असो, धाराशिवकडे येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य असो की कन्नडजवळचा गौताळा, पळस, पांगारा, सावर फुलली की एका झाडाखाली दोन तास बसलेला माणूस दहा किलोमीटर चाललेल्यापेक्षा जास्त फोटो आणतो. भोरड्या, शिंजीर, कोतवाल, हळद्या आळीपाळीनं येतात. भोरड्या हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर थव्यानं असतात, पण शेतकऱ्याला त्यांचं कौतुक कसं सांगणार? बांधावर आधी रामराम करून, विचारूनच बसा. जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरला असेल तर त्याला चिकटून बसू नका. तुम्ही बसलात की तिथे येणारे सगळे तहानलेले परत जातात.

ओळखीची घाई करू नका. पावसाळ्यानंतर गळ्यावर काळा पट्टा असलेला पिवळट शिंजीर दिसतो आणि 'नवी जात सापडली' अशा पोस्टी पडतात. तो जांभळा शिंजीरच, विणीबाहेरच्या पिसाऱ्यातला नर. पोट, पाठ, शेपटीची खालची बाजू असे तीन-चार कोनांतून फोटो घ्या, तारीख-ठिकाण लिहा, मग नाव ठरवा.

मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो, आणि आपण म्हणतो काय मस्त पोझ दिली! घरट्याचे फोटो तर नकोच. आड येणारी फांदी बाजूला केली की पिल्लांवर थेट ऊन पडतं आणि कावळ्याला वाट मिळते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच येतं. सुगरणीच्या खोप्यांचे फोटो हवेच असतील तर वीण आटोपल्यावर, दिवाळीनंतर विहिरीवरच्या बाभळीकडे जा. आणि ते रिकामे समजून काठीनं हलवू नका, श्वेतकंठी मुनिया जुन्या खोप्यांत राहायला येतात.